मोटारीची प्रकृती आणि मालकाची वही



वसंत व्याख्यानमालेच्या या व्यासपीठावरून आपण संतवाङ्मय ऐकता, इतिहास ऐकता, क्वचित राजकारणही ऐकता. आज मोटारीच्या तळपत्र्याविषयी ऐकण्याची पाळी आपल्यावर आली आहे. व्यवस्थापकांनी मला विषय विचारला, मी तो सांगितला आणि त्यांनी तो पत्रिकेत छापूनही टाकला. आता त्यांनाही माघार नाही आणि मलाही नाही. मी चालकांच्या आणि गॅरेज-कामगारांच्या संघटनेचे काम करणारा माणूस आहे. शाळा आठवीला सुटली. पुढचे शिक्षण निम्मे वाचनालयाच्या बाकावर आणि निम्मे मोटारीखाली आडवे पडून झाले. तेव्हा भाषेवर कुठे ग्रीसचा डाग दिसला तर आपण सांभाळून घ्यावे.

आपले पनवेल हे रस्त्यांचे गाव आहे. जुना मुंबई-पुणे रस्ता आपल्या दारावरून जातो, पळस्प्याला गोव्याचा रस्ता फुटतो आणि कळंबोलीपासून द्रुतगती मार्ग सुरू होतो. सोसायटीच्या गच्चीवरून खाली पाहिले तर जमीन दिसत नाही, मोटारींची टपे दिसतात. एमएच ४६ या पाटीच्या गाड्या आता गावोगाव भेटतात. साहजिकच लोक मला दोन प्रश्न विचारतात. पहिला प्रश्न असा, की “या गाडीवर आणखी खर्च करू की काढून टाकू?” आणि दुसरा, “तिला नवीन काय बसवून घेऊ?” मी उलट विचारतो, “गाडीची प्रकृती काय आहे?” त्यावर एक गृहस्थ म्हणतात, “छान चालते हो.” दुसरे म्हणतात, “बारा वर्षांची झाली.” या दोन्ही उत्तरांत प्रकृतीचा पत्ता नाही. चालते ती प्रत्येक गाडी, बंद पडण्याच्या आदल्या दिवसापर्यंत छानच चालते.

वयाचे म्हणाल तर वय हा प्रकृतीचा नुसता अंदाज आहे. सरकारला लाखो गाड्यांखाली वाकून पाहता येत नाही, म्हणून कायदा वर्षे मोजतो. मुंबईच्या पद्मिनीचेच पाहा. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्याने ही गाडी तयार होऊ लागली, आणि पुढे पद्मिनी हे नाव घेऊन मुंबईची काळी-पिवळी झाली. तिच्यातली शेवटची टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती थांबली. त्या दिवशी थांबलेल्या गाडीचे इंजिन कसे होते, ब्रेक कसे होते, हे कायद्याने विचारले नाही. त्याने फक्त तारीख विचारली. खासगी मोटारीला आपल्याकडे नियम जरा वेगळा आहे. पंधरा वर्षांनी तिची तपासणी होते आणि पाच वर्षांसाठी नोंदणी नव्याने मिळते. एप्रिल २०२२ पासून त्या नूतनीकरणाची फी ६०० रुपयांवरून ५,००० रुपयांवर गेली, आणि गाडीने वीस वर्षे ओलांडली असतील तर २०२५ पासून १०,००० रुपये द्यावे लागतात. शिवाय राज्याचा पर्यावरण कर आहेच. पासिंगचे हे आकडे आपल्या हिशेबात धरावेत. परंतु आपली मोटार एकच आहे आणि ती आपल्या दारात उभी आहे. सरकारला जे जमत नाही ते आपल्याला जमते. आपण तिच्याखाली वाकून पाहू शकतो, किंवा ज्याला वाकून पाहता येते त्याला बोलावू शकतो.

इथेच माझा खरा मुद्दा आहे. मी मजुरीच्या प्रश्नात आयुष्य घालवले असल्यामुळे तो मला दिसतो, आपल्याला कदाचित दिसत नसेल. डॉक्टर आपल्याला तपासतो आणि “काही नाही, विश्रांती घ्या” असे म्हणून फी घेतो. आपण ती आनंदाने देतो. मिस्त्रीने मात्र बॉनेट उघडून अर्धा तास कान लावला, हात काळे केले आणि “काही नाही, पाइपची क्लिप ढिली होती” असे म्हटले, तर आपण काय म्हणतो? “मग पैसे कसले?” या एका वाक्याने आपण त्या माणसाला एक धडा देतो. पाहण्याला मोल नाही, बदलण्यालाच मोल आहे, हा तो धडा. पुढच्या वेळी तो क्लिप आवळणार नाही, पाइपच बदलील. त्याच्याही पुढच्या वेळी पाइपाबरोबर पंपही बदलील, कारण सुट्या भागाच्या दुकानातून त्याला त्यावर चार पैसे सुटतात आणि घरी चूल पेटवायची असते. मग आपणच सांगत फिरतो की गॅरेजवाले लुटतात. लुटणारेही आहेत, मी नाही म्हणत नाही. त्यांतले काही माझ्या चांगल्या ओळखीचे आहेत. पण ज्याने आपल्या डोळ्यांची आणि कानांची मजुरी कधी मागितलीच नाही, कारण ती कुणी दिलीच नसती, असा प्रामाणिक माणूस त्यांच्यापेक्षा संख्येने फार मोठा आहे.

तेव्हा पहिली गोष्ट ही करावी की वर्षातून एकदा मोटार तपासणीसाठी म्हणूनच न्यावी, दुरुस्तीसाठी नव्हे. उस्तादांना स्वच्छ सांगावे, “आज काही बदलायचे नाही. फक्त पाहायचे आहे. दोन तास लागतील, त्यांची मजुरी घ्या. काही सापडले नाही तरी घ्या.” इंजिन गार असताना गाडी द्यावी, म्हणजे रात्रभर उभी राहिल्यावर ती पहिल्यांदा कशी सुरू होते ते त्यांना ऐकता येईल. शक्य असेल तेथे गाडी लिफ्टवर चढवून घ्यावी. जे सापडेल ते लिहून घ्यावे आणि निर्णय घरी येऊन करावा. गॅरेजच्या दारात, एक चाक काढून ठेवलेले असताना केलेला निर्णय हा निर्णयच नव्हे.

आता पाहायचे काय? सगळे सांगत बसलो तर अध्यक्षमहाराजांना घंटा वाजवावी लागेल. काही गोष्टी सांगतो.

टायर कुणालाही वाचता येतो, म्हणून तिथून आरंभ करतो. इंग्लंडात डर्बीचे एक खासदार होते, सॅम्युएल प्लिमसॉल. त्या काळी जुनी, सडकी जहाजे वाजवीपेक्षा जास्त माल भरून समुद्रात सोडत. जहाज बुडाले तर मालकाला विम्याचे पैसे मिळत आणि खलाशी तेवढे मरत. प्लिमसॉलसाहेबांनी १८७३ साली या प्रकारावर पुस्तक लिहिले आणि १८७६ साली कायदा झाला, की प्रत्येक जहाजाच्या बाजूवर एक रेघ असावी आणि ती पाण्याखाली जाईल इतका माल भरू नये. त्या कायद्यात एक गंमत होती. रेघ कुठे ओढायची हे १८९० पर्यंत मालकच ठरवीत असे! मोटारीच्या टायरवर अशीच रेघ असते, आणि सुदैवाने ती कारखान्यात ओढलेली असते. खाचांच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे असतात. त्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की त्याचे आयुष्य संपले. यासाठी शिक्षण लागत नाही, खाली बसावे लागते. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. सोसायटीच्या आवारात उभ्या असलेल्या कमी फिरणाऱ्या गाडीचे टायर वरून नव्यासारखे दिसतात, पण रबर वयानेही कडक होते आणि बाजूला बारीक चिरा पडतात. पाच वर्षांनंतर दरसाल तपासावे आणि कितीही चांगला दिसला तरी दहा वर्षांनंतर ठेवू नये, असा बऱ्याच कारखान्यांचा सल्ला आहे.

टायर नुसते स्वतःविषयी सांगत नाही, वरच्या गाडीविषयीही सांगते. मध्येच झिजले तर हवा जास्त भरली जाते. दोन्ही कडा झिजल्या तर कमी. एकच कड झिजली तर चाक सरळ धावत नाही, म्हणजे अलाइनमेंट गेली आहे किंवा लोअर आर्म वाकला आहे. चट्ट्याचट्ट्यांनी झिजले तर शॉकअपकडे पाहावे. गोव्याच्या रस्त्याच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले, आणि त्या कामाने या भागातल्या टायरवाल्यांचे किती संसार उभे केले ते मी सांगायला नको. अशा वेळी टायर बदलून मोकळे होणे म्हणजे ताप उतरवण्यासाठी थर्मामीटर बदलणे होय. नवा टायरही सहा महिन्यांत त्याच कडेला झिजेल.

दुसरी गोष्ट ब्रेकची. आपल्याला घाट जवळ आहे, म्हणून तिच्यावर मी जरा थांबणार आहे. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी सुमारे पाचशे मीटर खाली येते. माणसांसह बाराशे किलो वजनाची मोटार एवढी उंची उतरते तेव्हा जी शक्ती मोकळी होते, ती सगळी उष्णतेत बदलली तर अंदाजे वीस लिटर गार पाण्याला उकळी येईल. ती उष्णता कुठे तरी जायला हवी. खालच्या गियरमध्ये उतरलात तर बराच भाग इंजिन पेलते. न्यूट्रलमध्ये किंवा वरच्या गियरमध्ये, पेट्रोल वाचवतो म्हणून उतरलात, तर ती सगळी त्या चार चाकांतल्या ब्रेकमध्ये जाते. तिथून ती ब्रेक ऑईलमध्ये शिरते. हे ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषून घेणारे असते. सर्वसाधारण डॉट ४ प्रतीचे ऑईल नवे असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. पण त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी शिरले की ते १५५ अंशांनाही उकळू शकते. उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडा दाबला जातो, आणि पायाखालचे पेडल उशीसारखे मऊ होऊन खाली जाते. गाडी तशीच पुढे. इथे, खाडीच्या काठच्या दमट हवेत, चार-चार महिने पावसात भिजणाऱ्या गावात आपण ब्रेक ऑईल किती वर्षांनी बदलतो? बहुतेकांना ते बदलायचे असते हेच ठाऊक नसते. बाटलीत पातळी दिसते ना, मग झाले. साधारणपणे दर दोन वर्षांनी ते बदलावे. त्यातले पाणी सांगणारे पेनासारखे लहान यंत्र मिळते. आपल्या गॅरेजमध्ये नसेल तर आणायला सांगावे. ब्रेकचे पॅड तीन मिलिमीटरवर आले की बदलावेत, ते बहुधा मिस्त्री सांगतातच, कारण पॅड विकता येतात.

इंजिनाची भीती लोकांना सर्वांत जास्त वाटते आणि त्याच भीतीवर सर्वांत जास्त पैसा खर्च होतो. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असेल तर ऑईल जळते आहे, काळा येत असेल तर इंधन जादा जाते आहे, आणि गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर रेडिएटरचे पाणी आत शिरत असण्याचा संभव आहे. ऑईलची पट्टी काढून पाहावी. तिच्यावर दुधी फेस असेल तर त्याच दिवशी गाडी उभी करावी. पण “इंजिन खोलावे लागेल” हे वाक्य ऐकू आले तर आधी कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. समजा चार सिलिंडरांचे आकडे १७०, १६५, १६८ आणि १२० पौंड आले. चौथा आजारी आहे हे उघड आहे. आता त्या चौथ्यात चमचाभर इंजिन ऑईल सोडून पुन्हा मोजावे. आकडा चढला तर दोष रिंगांत, न चढला तर व्हॉल्व्हमध्ये किंवा हेडच्या गॅस्केटमध्ये असण्याचा संभव जास्त. पाऊण तासाच्या या कामाने हेड उतरवणे आणि पुरे इंजिन बांधणे यांतला फरक कळतो, आणि तो फरक हजारांत मोजायचा असतो. हे काम करणाऱ्याला त्या पाऊण तासाचे पैसे द्यायला आपण तयार नसू, तर तो सरळ इंजिन उतरवील. मी त्याला दोष देणार नाही.

अलीकडे स्कॅनर आला आहे. डॅशबोर्डाखाली पिन लावली की पडद्यावर कोड उमटतो, आणि त्या कोडाला लोक वेदवाक्य मानू लागले आहेत. मी कामगार-कचेरीत वाढलेला माणूस. मला विचाराल तर कोड म्हणजे तक्रारअर्ज आहे, निकाल नव्हे. पी ०१७१ असा कोड आला तर त्याचा अर्थ एवढाच, की हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते आहे. हवेची नळी फाटली असेल, पंप थकला असेल, फिल्टर तुंबला असेल. पण ज्याने तक्रार नोंदवली त्या बिचाऱ्या सेन्सरलाच काढून नवा बसवतात. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

बॅटरीचे थोडक्यात. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास असावे, इंजिन चालू असताना सुमारे १४. चालू गाडीत १३ च्या वर जात नसेल तर नवी बॅटरी घेऊन उपयोग नाही, अल्टरनेटर पाहावा. पट्ट्याचा, म्हणजे टायमिंग बेल्टचा, कालावधी गाडीच्या पुस्तिकेत छापलेला असतो. तो वर्षांचाही असतो, नुसता किलोमीटरांचा नव्हे. काही गाड्यांना बेल्टऐवजी साखळी असते, तेव्हा आधी ते विचारून घ्यावे.

आणि तळपत्रा. इंजिन बदलता येते, गियर बॉक्स बदलता येतो. गाडीचा सांगाडा सडला तर मात्र गाडी गेली. आपल्याकडे हाच रोग मोठा आहे. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी वाहून जाण्याची बारीक भोके असतात. ती मातीने बुजतात आणि दार आतून सडू लागते. पायाखालची सतरंजी उचलून पाहावी, स्टेपनीची जागा पाहावी, शॉकअप जिथे अंगाला जोडलेला असतो तिथे पाहावे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर पत्रा खणखणला पाहिजे. भदभद आवाज आला तर काळजी करावी. याच वेळी कुणी तरी म्हणतो, “साहेब, खालून काळे कोटिंग मारून घेऊ.” धुऊन, खरवडून, सुकवून मारले तर उत्तम. गंजावरच मारले तर ओलावा आत कोंडला जातो आणि गंज आपले काम निवांतपणे करतो. वर रंग, आत रोग!

हे सगळे ज्या वहीत लिहायचे ती वही चाळीस पानी चालेल. मी तिचे तीन रकाने पाडायला सांगतो. पहिल्यात जे आज केले नाही तर माणूस मरू शकतो ते. दुसऱ्यात जे पावसाआधी करायचे ते. तिसऱ्यात जे नुसते पाहत राहायचे ते, आकड्यासह: पॅड किती मिलिमीटर, कॉम्प्रेशन किती, बॅटरी किती. तिसरा रकाना फार महत्त्वाचा आहे, कारण पुढच्या वर्षी त्याच आकड्याशी तुलना करता येते. एका वर्षात पॅड एक मिलिमीटर झिजला तर घाई नाही, चार झिजला तर काही तरी अडकले आहे. मिस्त्री बदलला तरी वही आपल्याकडे राहते. गाडी विकायला काढली तर हीच वही ग्राहकापुढे ठेवावी.

आता दुसरा प्रश्न: नवीन काय बसवू? माझे उत्तर रुक्ष आहे. पहिला रकाना रिकामा झाल्याशिवाय काही बसवू नये. टायर गुळगुळीत आणि दिवे झगझगीत, अशा गाड्या मी रोज पाहतो. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. समोरच्याचे डोळे दिपवणारे दिवे लावून आपल्याला जास्त दिसते असे वाटते, पण थांबायचे असते ते टायरने. शिवाय कारखान्याच्या मूळ रचनेविरुद्ध गाडीत फेरफार करता येत नाहीत. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आहे आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले आहे. सी.एन.जी. बसवणे कायदेशीर आहे, मात्र मान्य किट हवे आणि आर.सी. बुकात नोंद हवी. दर तीन वर्षांनी टाकीची दाबचाचणी करावी लागते. बसवण्याआधी कॉम्प्रेशन मोजावे. थकलेल्या इंजिनावर सी.एन.जी. बसवून बचत करायला गेलेल्यांची बचत हेडच्या कामात जाते. पेट्रोलविषयी एक सांगायचे राहिले. वीस टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल आता सर्वत्र आहे. एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्या ते गृहीत धरून बनवल्या आहेत. त्याआधीच्या गाडीत इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील दरसाल पाहाव्यात, आणि बॉनेटखाली पेट्रोलचा वास आला तर “येतो कधी कधी” म्हणून सोडून देऊ नये.

गाडी ठेवावी की काढावी, याचा हिशेब मी असा मांडतो. समजा बारा वर्षांच्या गाडीला आज दीड लाख रुपये येतात. वहीतल्या कामाला साठ हजार लागतील आणि त्यानंतर ती तीन वर्षे नीट चालेल. दरसालचा किरकोळ खर्च वीस हजार धरा. तीन वर्षांनी ती ऐंशी हजारांना जाईल. म्हणजे काम साठ, किरकोळ साठ आणि किमतीतली घट सत्तर, मिळून एक लाख नव्वद हजार. वर्षाला त्रेसष्ट हजारांच्या थोडे वर. आता आठ लाखांची नवी घेतली आणि तीन वर्षांनी ती पाच लाखांची झाली, तर घट तीन लाखांची. कर्जाचे व्याज समजा दीड लाख. वर्षाला दीड लाख झाले, किरकोळ खर्च आणि विम्याचा फरक वेगळाच. साठ हजारांचे बिल पाहून “यापेक्षा नवी बरी” असे म्हणणारा गृहस्थ हा हिशेब करीत नाही. बिल एकदम येते म्हणून बोचते आणि हप्ता महिन्याला येतो म्हणून तो दिसत नाही. आकडे आपापले घालावेत, रीत हीच ठेवावी.

पण या हिशेबात दोन गोष्टी बसत नाहीत. सांगाडा सडलेला असेल तर साठ हजारांचे काम करून मिळणारी तीन वर्षे खोटी आहेत. दुसरी गोष्ट, चाक न अडकू देणारी ए.बी.एस. ब्रेकव्यवस्था आणि एअरबॅग. ए.बी.एस. सर्व नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून सक्तीचे झाले, चालकाची एअरबॅग जुलै २०१९ पासून, आणि शेजारच्याची २०२२ च्या आरंभापासून. त्याआधीच्या स्वस्त गाड्यांत हे पुष्कळदा नसे, आणि ते गॅरेजमध्ये मागाहून बसवण्यासारखे नाही. ज्यांच्या घरातले माणूस रोज पावसात घाट चढते-उतरते त्यांनी जुनी गाडी चांगली असूनही बदलली तर मी त्यांना उधळे म्हणणार नाही. जी गाडी भाजीबाजार आणि रेल्वे स्टेशन एवढेच करते तिची गोष्ट निराळी.

आता माझ्या लोकांविषयी. पनवेलातल्या किती तरी मोटारी मालक स्वतः चालवीत नाही. पगारी चालक चालवतो, किंवा ती प्रवासी धंद्यात असते. अशा गाडीची प्रकृती ज्याला सर्वांत आधी कळते त्याला विचारायची आपली पद्धत नाही. तो म्हणतो, “साहेब, पेडल जरा खाली जातंय.” साहेब म्हणतात, “गणपती होऊ दे, मग बघू.” गणपतीचाच हंगाम कोकणच्या रस्त्यावर सर्वांत कठीण, हे साहेबांना ठाऊक नसते असे नाही. एस.टी.त चालक गाडी डेपोत लावताना तिच्यातला दोष लिहून देतो. खासगी धंद्यात सगळे तोंडी. आणि तोंडी सांगितलेले, अपघातानंतर, कुणीच सांगितलेले नसते.

एका प्रवासी गाड्यांच्या धंद्यात, नाव घेत नाही, आमच्या संघटनेने पगारवाढीबरोबर एक मागणी केली होती. प्रत्येक गाडीत दोषांची वही असावी, चालकाने लिहावे, सही करावी आणि मालकाच्या माणसाने वाचून सही करावी. पगारवाढीवर बोलणी दोन दिवसांत झाली. वहीवर तीन आठवडे अडून बसले, कारण सही म्हणजे जबाबदारी. शेवटी वही आली. पहिले दोन महिने तिच्यात काय लिहिले गेले? हॉर्न नीट वाजत नाही, ए.सी. गार करीत नाही, आरसा हलतो. मालक मला म्हणाले, “बघा तुमच्या लोकांची लायकी.” मी म्हटले, “ते वाचले जाते की नाही हे पाहत आहेत.” आरसा दुरुस्त झाला, हॉर्न दुरुस्त झाला, आणि तिसऱ्या महिन्यापासून ब्रेक आणि स्टीअरिंग लिहून येऊ लागले. एका गाडीविषयी चार वेगवेगळ्या चालकांनी लिहिले की ती डावीकडे ओढते. तिचे टायर वर्षात दोनदा बदलले होते. लिफ्टवर चढवली तेव्हा लोअर आर्म वाकलेला निघाला. तेव्हा घरी ज्यांच्याकडे चालक आहे त्यांनी एवढे करावे, वहीचे एक पान त्याच्या हाती द्यावे. लिहिता येत नसेल तर तो सांगेल आणि आपण लिहावे.

पाऊस यायला आता थोडेच आठवडे उरले आहेत. पहिली सर कोसळली की गॅरेजच्या दारात रांग लागते, आणि त्या रांगेत कुणाचीच तपासणी होत नाही, फक्त दुरुस्ती होते. म्हणून तपासणी याच पंधरवड्यात करून घ्यावी. वायपरची रबरे दरसाल बदलावीत. आणि २००५ च्या जुलैतला पूर ज्यांनी या गावात पाहिला आहे त्यांना हे पटेल, की पाण्यात उभी राहिलेली मोटार चालू करून पाहू नये. सिलिंडरमध्ये पाणी शिरलेले असेल तर ते दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि धुऊन-पुसून सुटणारे काम इंजिन बांधण्यावर जाते. ढकलत बाहेर काढावी, बॅटरी सोडवावी आणि ओढून न्यावी.

माझी वेळ संपली असे अध्यक्षमहाराजांच्या चेहऱ्यावरून दिसते. सभागृहाच्या बाहेर पंधरा-वीस मोटारी उभ्या आहेत, येताना मी त्यांच्या टायरकडे पाहत आलो. मी बॅटरी बरोबर आणली आहे. ज्यांना आपल्या टायरवरचे चार आकडे वाचून घ्यायचे असतील त्यांनी सभा संपल्यावर माझ्याबरोबर बाहेर यावे. आजच्या पाहण्याची मजुरी व्याख्यानमालेकडून मला मिळालेली आहे.